शिंकांचा रकाना

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला हे नाशिकात प्रत्येकाला आपापल्या वाटेनं कळतं. कुणाला महामार्गावरच्या क्रेट भरलेल्या टेम्पोंवरून, कुणाला द्वारकेच्या चौकात हातगाड्यांवर हिरवे ढीग दिसू लागले की. मला माझ्या नाकावरून कळतं. यंदा गेल्या मंगळवारी कळलं. सकाळी पिंपळगावच्या बसमध्ये बसलो, खिडकीची काच बोटभर सरकवली आणि ओझर यायच्या आत सलग अकरा शिंका दिल्या. पहिल्या शिंकेला शेजारचे गृहस्थ 'सत्य आहे' म्हणाले. वास्तविक मी काही बोललोच नव्हतो. पाचवीला त्यांनी रुमाल काढला, आठवीला जागा बदलली.

माझं नाक हा आमच्या घरात थट्टेचा कायमचा विषय आहे. संगीता, म्हणजे माझी बायको, शाळेत शिक्षिका. ती म्हणते, "तुझं नाक शेतकी खात्यात असतं तर एव्हाना दोन बढत्या झाल्या असत्या." गाजरगवत कुठल्या मोकळ्या प्लॉटवर फुललंय, कुणाच्या घरी गादी झटकलीय, कुठल्या बागेत गंधक धुरळलंय, हे मला न बघता सांगता येतं. फक्त सांगायला तोंड मोकळं सापडत नाही.

या नाकापायी मी एकदा शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घेतली होती. हातावर पेनानं रेघा मारतात, प्रत्येक रेघेशी एकेक थेंब टाकतात आणि सुईनं हलकेच टोचतात. पंधरा मिनिटांत हातावर गांधी उठतात. ज्या थेंबाखाली उठली, तो तुमचा वैरी. माझ्या यादीत घरातली धूळ निघाली, गाजरगवताचा पराग निघाला आणि झुरळ निघालं. ती यादी मी घरी मोठ्या गांभीर्यानं वाचून दाखवली. संगीता म्हणाली, "झुरळाशी तुझं जमत नाही, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? झुरळ दिसलं की कॉटवर कोण चढतं?"

पण खरं सांगतो, त्या दिवसापासून मला जरा भाव आला. लोक 'पुण्यात आमचा फ्लॅट आहे' ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात मी 'मला ॲलर्जी आहे' म्हणायला लागलो. खिशात तोंडात मारायचा स्प्रे, बॅगेत नाकात मारायचा, टेबलाच्या खणात गोळ्यांची पट्टी. माझ्या शिंकेला नाव होतं, फाइल होती, पुढची तारीख होती. शिंक सगळ्यांनाच येते, पण फाइल सगळ्यांना मिळत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आलं चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका हंगामात, आणि तेही मी ओळीनं गाढवपणा केल्यावर.

मी पिंपळगावच्या एका पॅकहाउसवर सुपरवायझर आहे. द्राक्षाचे घड बागेतून येतात, बायका कात्रीनं खराब मणी काढतात, घड पिशव्यांत घालून पेटीत रचतात, पेटी काट्यावर चढते आणि तिथून थंड खोलीत. पुढं बोटीनं परदेशी. माघातली सकाळ, फरशी पाण्यानं धुतलेली, डोक्याला जाळीच्या टोप्या, साठ-सत्तर कात्र्यांचा बारीक कचकच आवाज आणि सगळ्यांवर पसरलेला तो कच्च्या-गोड द्राक्षांचा वास. मला तो वास फार आवडतो. दिवसातून जेमतेम दहा मिनिटं येतो, कारण बाकीचा वेळ नाक बंद असतं.

या बायका बहुतेक सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या. भात-नागली घरात आली की हंगामापुरत्या येतात, पॅकहाउसमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि आंब्याला मोहर गळून कैऱ्या धरल्या की परत जातात. त्यांना रोज सकाळी दारात उभं करून मी रजिस्टर भरायचो. माल परदेशी जायचा, तपासणीस केव्हाही यायचे, म्हणून ते रजिस्टर. ताप? जखम? जुलाब? आणि शेवटचा रकाना, शिंका-खोकला. 'हो' म्हणेल तिनं त्या दिवशी आत यायचं नाही, असा नियम. घरी म्हणजे मागच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं. त्या दिवसाची मजुरी नाही, आणि दोन-तीनदा 'हो' झालं तर सरळ गावची बस.

अशा रजिस्टरात 'हो' कोण सांगणार? बायका ओळीनं यायच्या. "शिंका?" "नाय." "खोकला?" "नाय." एकीचं 'नाय' तर खोकत खोकतच आलं. मी मान खाली घालून 'नाही' लिहायचो. शेवटी कर्मचाऱ्यांच्या यादीत माझंही नाव असायचं. तिथंही मीच 'नाही' लिहायचो. एकदा तर ते लिहिताना इतक्या जोरात शिंकलो की पेन सरकून रेघ पार तापाच्या रकान्यात गेली.

त्या ओळीत ठमीबाई असायची. चाळिशीची, काटक. तिची कात्री सगळ्यांत जलद. म्हणून मी तिला थंड खोलीच्या दाराजवळचं टेबल दिलं होतं, जिथं भरलेल्या पेटीवर शेवटचा गंधकाचा पॅड ठेवतात. हा पॅड म्हणजे मोठ्या वहीच्या पानाएवढा कागद, आत भुकटी. ओल लागली की त्यातून हळूहळू गॅस सुटतो आणि बोटीतल्या महिनाभराच्या प्रवासात द्राक्षाला बुरशी धरत नाही. ठमीबाईला खोकला होताच. पण दुपारपर्यंत वाढायचा, छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा आणि ती तोंडावर पदर धरून दोन मिनिटं मागं जाऊन यायची. मी विचारलं की म्हणायची, "तंबाखू लागली."

एक दिवस परदेशातल्या गिऱ्हाइकाचा कागद आला. पेटीत गंधकाचा अंश अमुकपेक्षा जास्त नको, कारण तिकडच्या काही लोकांना त्याचा त्रास होतो, श्वास अडकतो. मला असे कागद समजावून सांगायची हौस. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना बसवून मी पाठ दिला. संगीतानं ऐकला असता तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

ठमीबाई खोकता खोकता थांबली. "म्हंजे सर, तिकडच्या बाईला खोकला येऊ नाय म्हणून हा कागद?"

"हो."

"आन् इकडच्या?"

बायका हसल्या. मीही हसलो. "इकडचा कागद अजून यायचाय," म्हणालो, आणि आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटून दिवसभर खूश होतो.

तरी तो खोकला कानात राहिला म्हणा, किंवा उपकार करायची खाज म्हणा, मी दुसऱ्या दिवशी औषधोपचार सुरू केले. टेबलाच्या खणातली माझी पट्टी काढली. मला या गोळीनं बरं वाटतं, म्हणजे यांनाही वाटेल, असं माझं शास्त्र. ठमीबाईला एक दिली, तिच्या ओळीतल्या आणखी पाच शिंकणाऱ्यांना एकेक दिली. ही गोळी मी रात्री घेतो आणि सकाळी संगीताला मला दोनदा हलवावं लागतं, ही बारीकशी गोष्ट माझ्या ध्यानातून गेली.

अकराच्या सुमाराला तिसऱ्या ओळीतला कचकच आवाज मंदावला. साडेअकराला थांबला. मी जाऊन बघतो तर दोघी टेबलाला टेकून उभ्या उभ्या पेंगताहेत, एक हातातल्या घडाकडे कितीतरी वेळ प्रेमानं बघतेय, आणि यशोदाबाईनं सरळ काट्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटलेत. काटा चार किलो दोनशे दाखवत होता. निर्यातीच्या पेटीला थोडं कमीच. नेमके तेव्हा मालक अण्णा आत आले. त्यांनी यशोदाबाईकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पगारे, यांना काय झालंय?"

"उन्हाचं असेल अण्णा."

"माघात?"

सहाही जणींना मागच्या खोलीत झोपायला पाठवलं. कात्र्या हातात होत्या, कुणाला लागलं नाही हे नशीब. आज आठवलं की हसू येतं, आणि त्याच्या मागोमाग अंगावर काटाही येतो. दुसऱ्याची गोळी तिसऱ्याला देणारा माणूस हा आपल्याकडे गल्लोगल्ली असतो. त्या दिवशी तो मी होतो.

ठमीबाईचा खोकला काही त्या झोपेनं गेला नाही. चार दिवसांनी दुपारी ती टेबलाशीच खाली बसली. मान पुढं, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली. बोलायला जायची आणि एका शब्दावर थांबायची. मी खिशातला माझा स्प्रे काढून तिच्या तोंडात मारला. काही फरक नाही. आणखी मारला. तिनं हातानंच 'राहू दे' केलं. मग रिकाम्या क्रेटच्या टेम्पोत तिला बसवलं, मी शेजारी, आणि सरकारी दवाखाना गाठला. रस्ता दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत मी एकही विनोद केला नाही, यावरून समजा.

दवाखान्यातली डॉक्टर पोरसवदा मुलगी होती. तिनं बोट चिमट्यात धरून मशीन बघितलं, छाती ऐकली आणि वाफेचा मास्क लावला. हळूहळू ठमीबाईचे खांदे खाली आले. ओठांना रंग आला. मग डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून होतं असं?"

"लहानपणापासून."

"कुणाला दाखवलं?"

"भगताला. मग एका कंपाउंडरला. तो बोलला, थंडी बसली."

चाळीस वर्षं बसलेली थंडी. डॉक्टरनं लिहिता लिहिता सांगितलं, हा दमा आहे, ॲलर्जीचा. धूर, धूळ, पराग, असं काहीही त्याला चेतवतं. मी लगेच माझं ज्ञान पाजळलं. "हातावर टोचून करतात ती टेस्ट हिची करायची का? माझी झालीय." डॉक्टर म्हणाली, "ती नाशिकला होते. होईल तेव्हा करू. आधी श्वास, मग यादी." आणि मग तिनं मला विचारलं, "तुम्ही स्प्रे दिला म्हणता, कसा दिला? तुम्ही स्वतः कसा घेता, दाखवा."

मी टोपण काढलं, मोठा आ केला, फस्सकन मारलं आणि गिळलं.

"किती वर्षं असा घेताय?"

"सहा."

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही जिभेचा दमा बरा करताय."

मास्कच्या आतून आवाज आला. ठमीबाई हसत होती. हसताना खोकली, तर डॉक्टर मलाच रागावली. मग तिनं आम्हा दोघांना शेजारी बसवून शिकवलं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ मिटून घ्यायचे, आत ओढता ओढता दाबायचं, सावकाश ओढायचं आणि दहा आकडे दम धरायचा. ठमीबाईनं एकदा बघितलं. "फुंकणीच्या उलटं," म्हणाली आणि पहिल्या झटक्यात बिनचूक केलं. चुलीत फुंकणी मारून तिचा श्वासावर ताबा बसलेला. मला चार वेळा लागलं. मोठ्या डॉक्टरांनी मलाही हे शिकवलं असणार, पण तेव्हा मी बहुधा माझ्या यादीचं कौतुक करण्यात गुंग होतो.

उठता उठता डॉक्टरनं आणखी एक प्रश्न टाकला. "कामाच्या जागी कसला वास येतो का?"

"येतो ना," ठमीबाई म्हणाली. "माचिस वढल्यावर येतो तसा. सकाळपासून येतो. दाराजवळ लय."

तो वास पॅडचा. पॅडचं पाकीट पेटी तयार झाल्यावरच फोडायचं, असं पाकिटावरच लिहिलेलं असतं. पण वेळ वाचवायला मी त्या वर्षी एक युक्ती काढली होती. सकाळीच सगळी पाकिटं फोडून गठ्ठा थंड खोलीच्या दारात रचायचा, म्हणजे हाताशी. दर वेळी दार उघडलं की आतली गार, ओली हवा थेट त्या गठ्ठ्यावर. बोटीत महिनाभर सुटायचा गॅस मी रोज सकाळपासून ठमीबाईच्या नाकाशी सोडत होतो. आणि माझ्या बंद नाकाला, ज्याला अख्ख्या जिल्ह्याचं गाजरगवत कळतं, त्याला तेवढं एक कळलं नव्हतं.

परत आलो तर अण्णांनी ठरवून टाकलं होतं. उद्या सकाळच्या बसनं ठमीबाई गावी. अण्णा वाईट माणूस नाही. पण तपासणीस चार दिवसांवर आलेला, आणि लाइनवर बाई कोसळली म्हटल्यावर त्यांचंही धाबं दणाणलेलं. ठमीबाई दाराशी उभी होती. तिच्या हातात डॉक्टरनं दिलेले दोन स्प्रे होते, एक रोजचा आणि एक अडीनडीचा, आणि एक केसपेपर. घरी गेली तर हंगामाचं काम गेलं. आणि हे स्प्रे संपले की गावातून तालुक्याचा दवाखाना गाठायचा म्हणजे बसभाडं हवं, ते याच कामातून येणार. राहिली तर नियम आडवा.

मी म्हणालो, "अण्णा, तिला पाठवायचं तर माझंही तिकीट काढा. तो गठ्ठा मी लावला होता. आणि शिंका मलाही येतात, मी रजिस्टरात खोटं लिहितो."

मला वाटलं, आता शांतता पसरेल. अण्णा म्हणाले, "तुला शिंका येतात हे तू आज सांगतोयस? अरे, तुझ्या बाराच्या शिंकेवर बायका जेवायला उठतात." मागून कुणीतरी म्हणालं, "गेल्या गुरवारी उशिरा शिंकले सर, तर भाकरी गार झाली." आख्खं पॅकहाउस हसलं. ठमीबाईसुद्धा, भिंतीला हात टेकून.

हसण्यात राग गेला की माणूस ऐकतो. अण्णांनी ऐकलं. गठ्ठा तिथून हलला, भिंतीत पंखा बसला, पाकीट पेटीगणिक फुटायला लागलं. तपासणीस आला, तेव्हा अण्णांनी त्यालाच विचारलं की ॲलर्जीची शिंक आणि आजाराची शिंक यांत फरक धरायचा की नाही. तो म्हणाला, डॉक्टरचा कागद असेल तर धरू. मग नवा रिवाज पडला. 'हो' म्हणेल तिला मागच्या खोलीत नाही, दवाखान्यात न्यायचं, त्या दिवसाची मजुरी न कापता, आणि कागद घेऊन परत टेबलावर. पहिल्याच आठवड्यात टेम्पो भरला. सतरा जणी निघाल्या, आणि मी. ठमीबाईला वाऱ्याकडचं, उघड्या पडवीतलं टेबल मिळालं. तिची कात्री आठच दिवसांत पूर्वीपेक्षा जलद झाली.

मला कधी कधी त्या कागदातली तिकडची बाई आठवते. मी तिला बघितलेलं नाही. पण असेल कुणीतरी, माचिसच्या वासानं जिचा श्वास अडकतो. तिच्या पर्समध्ये स्प्रे असेल, आणि संपायच्या आत नवा येत असेल. आमच्या पेटीवर एक नंबर असतो. त्यावरून घड कुठल्या बागेतला, कुठल्या दिवशी तोडला, त्यावर काय फवारलं, सगळं कळतं. घडाची जन्मपत्रिकाच. ठमीबाईच्या चाळीस वर्षांच्या खोकल्याचा पहिला कागद त्या दुपारी टेम्पोतून आला. त्या दोघी कधी भेटल्याच, तर भाषा येवो न येवो, तासभर नाकाबद्दल बोलतील, आणि मला मध्ये बोलू देणार नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पॅकहाउस चार महिन्यांचं, श्वास बारा महिन्यांचा. त्याच पावसाळ्यात ठमीबाईचे स्प्रे संपले. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली, तर खिडकीतून उत्तर आलं, संपलेत, पुढच्या आठवड्यात या. ती तशीच घरी परतली. पुढच्या आठवड्यात ओहळाला पूर. लावणीचे दिवस तिनं बांधावर बसून काढले. हे तिनं मला पुढच्या हंगामात सांगितलं, तेही सहज, भाकरी मोडता मोडता. पुढच्या दोन पावसाळ्यांत इथनं मी पार्सल पाठवून बघितलं. त्यातलं एक पोचलं. दुसऱ्यावर मी पत्ता माझाच घातला होता. ते द्वारकेला घरी परत आलं आणि संगीतानं सही करून घेतलं.

गेल्या मंगळवारी त्या अकरा शिंकांनंतर बसमधून उतरलो, तर ठमीबाई आलेलीच होती. अंगानं भरलेली, आवाज मोकळा. मी विचारलं, "यंदाचा पावसाळा कसा गेला? स्प्रे पोचला होता का दवाखान्यात?"

"नाय ना. बोलले, संपलाय, पुढल्या आठवड्यात ये."

"मग परत?"

"परत नाय गेले. म्या बोलले, बसते. येईल तवा द्या. खिडकीसमोरच बसले. भाकरी नेली व्हती. मग एक म्हातारी बसली, तिलापन दमाच. मग एक पोरगी बसली, तिच्या लेकराला व्हता. दुपारपर्यंत आम्ही नऊ जणी. तो खिडकीतला बोलला, बाई, रस्ता अडतोय. म्या बोलले, तुझा रस्ता अडतोय, आमचा श्वास अडतोय. मग त्यानं फोन लावला. दुसऱ्या दवाखान्यातून खोकं आलं संध्याकाळच्या गाडीनं. नवांना पुरलं."

"दिवसभर बसलात? मागच्या वेळी तर तशाच परत गेल्या होतात."

"मागच्या वेळी स्प्रे संपल्यावर गेलते. बसायची ताकद कुठं व्हती, उभं राहवत नव्हतं." तिनं डोक्यावरची टोपी सारखी केली आणि कात्री उचलली. "यंदा संपायच्या आधी गेले. श्वास पुरत व्हता सर. मग बसायला काय जातंय?"